सुएतच्या वाटेवरचा तंबू

२८ ऑक्टोबर, बुधवार

प्लासीद आज गेला.

म्हणजे हॅलिफॅक्सला गेला. असं अर्धवट वाक्य लिहायचं नसतं, पण लिहून बसले आहे, आता खोडलं तर आणखीच वाईट दिसेल. मला बोलायची सवय आहे, लिहायची नाही. घरात बोलायला कोणी उरलं नाही म्हणून ही वही.

कोरीन त्याला न्यायला आली होती. आमची एकुलती एक मुलगी, तिकडे शाळेत शिकवते. डॉक्टर म्हणतात प्लासीदच्या हृदयाच्या नळ्या तुंबल्या आहेत, छाती उघडावी लागेल, तारीख मिळेपर्यंत इस्पितळाजवळ राहा. तिथे रोज कितीतरी जणांच्या छात्या उघडतात म्हणे. त्याची मला काळजी नाही.

मला काळजी आहे तंबूची.

आमचं घर आणि झीटामावशीचं घर यांच्या मधल्या गवतावर प्लासीदने तो वसंतात उभा केला. लोखंडी नळ्यांच्या कमानी आणि वर पांढरं जाड प्लास्टिकचं कापड. आत त्याची होडी टेकूंवर उभी आहे, अर्धी झालेली. मागे डोंगर, पुढे समुद्र. सुएत, म्हणजे आमच्या शेटिकँपचा वादळी वारा, सुटला की डोंगरावरून उतरतो आणि समुद्राकडे धावतो. त्याच्या वाटेवर आधी आमचं अंगण, मग तंबू, मग झीटामावशीचं स्वयंपाकघर.

गेल्या आठवड्यात प्लासीद म्हणाला, "होडी जुन्या मासळी कारखान्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवू. तंबू उतरवून टाकू. मग तूही चल माझ्याबरोबर."

मी म्हटलं, शेडचं छप्पर गळतं. लाकूड भिजलं तर उन्हाळाभराची मेहनत पाण्यात. इथे कोणीतरी राहायलाच हवं.

 दुसऱ्या दिवसापासून त्याने माझ्याकडून तंबूचा एकेक पट्टा सोडवून घेतला आणि पुन्हा आवळून घेतला. मी आवळायचे आणि हा खुर्चीत बसून "अजून एक खटका, अजून एक" करायचा. स्वतः हात लावला नाही. पाण्याचा पंप कसा बंद करायचा, तळघरातली भट्टी कशी पेटवायची, तेही दाखवत बसला. इतकी वर्षं मी या घरात पाहुणी होते जशी. म्हातारपणी माणूस आळशी होतो ते काही खोटं नाही.

गाडीत बसताना म्हणाला, "चल, येतो." एवढंच. मीही "ये" म्हटलं.

१ नोव्हेंबर, रविवार

चर्चमधून येताना झीटामावशी बरोबर होती. ऐंशीला टेकली आहे, पण जिभेला गंज नाही. तंबूकडे बघून म्हणाली, "हा तुझा पांढरा हत्ती एक दिवस माझ्या टेबलावर येऊन बसणार बघ."

"असं बोलू नकोस गं मावशी."

"का? येऊ दे की. पाहुणे मला आवडतात. फक्त सांगून या म्हणावं, पाव भाजून ठेवीन."

ती हसली. मला हसू आलं नाही. मी सात वर्षांची असताना सुएतने आमचा गोठा नेला होता. सकाळी बाबांच्या मागोमाग मीही बाहेर आले, तर गोठा नाही. भिंती नाहीत, छप्पर नाही. गाय मात्र साखळीला बांधलेली, उघड्यावर, जागच्या जागी उभी. रवंथ करत होती. लोक हा किस्सा अजून हसून सांगतात. मला तिचे डोळे आठवतात. कोणाला वाऱ्याचा आवाज ऐकून झोप येते म्हणे. मला वाऱ्यात अन्न गिळत नाही.

तंबूचे खुंट मोठाल्या स्क्रूसारखे आहेत, जमिनीत पिळत पिळत घालायचे. सगळे नीट बसले, फक्त समुद्राकडच्या एका कोपऱ्यात खाली खडक लागला. खुंट हातभरसुद्धा जाईना. तिथे प्लासीदने पिंपात सिमेंट ओतून त्याला आकडा बसवला आहे. तो कोपरा बरोबर झीटामावशीच्या खिडकीकडे तोंड करून आहे.

५ नोव्हेंबर

झीटामावशीचा मुलगा युक्लिड आला होता. हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ काढायचा ट्रक चालवतो, आवाजही ट्रकचाच. तंबूभोवती एक फेरी मारली आणि पिंपाला लाथ घातली.

"काकू, हे काय धरणार? आत एवढी भक्कम होडी फुकट उभी आहे. तंबू तिलाच बांधून टाकू ना. होडी कुठे उडून जातेय?"

मला पटलं. त्याने दोर आणून चारी कमानी होडीला आवळून टाकल्या. मी त्याला फ्रिको, आमचं कोंबडी-बटाट्याचं कालवण, वाढलं, त्याने तीन वाट्या संपवल्या. फार दिवसांनी मला जरा हलकं वाटलं.

संध्याकाळी प्लासीदचा फोन आला. मी मोठ्या कौतुकाने सांगितलं.

"सोड," तो म्हणाला. "उद्या सकाळी पहिलं काम, ते दोर सोड."

"अरे, पण..."

"तंबूला जायचं असेल तर त्याला एकट्याला जाऊ दे, देलीमा. होडीला बांधलास तर तो जाता जाता तिलाही टेकूवरून खेचून पाडेल. जो जाणार त्याला राहणाऱ्याशी बांधायचं नसतं."

इतका गंभीर झाला की मला हसायला आलं. म्हटलं, "तंबूचं सांगतोयस की फादरसारखं प्रवचन देतोयस?"

"तंबूचंच," म्हणाला, आणि मग बराच वेळ खोकत राहिला. हॅलिफॅक्सची हवा त्याला कधीच मानवली नाही.

६ नोव्हेंबर

दोर सोडले. युक्लिडच्या गाठी सुटता सुटेनात, एक नख गेलं.

९ नोव्हेंबर

सुएत आला. लहानसाच, युक्लिडच्या भाषेत "टोपी उडवणारा". मला तेवढा पुरे झाला. तंबूचं कापड आत ओढलं जायचं आणि मग फट्‌ करून बाहेर फुगायचं, एखादं जनावर श्वास घेतं तसं. मी सारखी बाहेर जाऊन पट्ट्यांना हात लावत होते. ताणलेल्या पट्ट्यावर हात ठेवला की तो आतून गुणगुणतो. ते गुणगुणणं हातातून दातांपर्यंत येतं.

वारा गेल्यावर पाहिलं तर पिंपाखालच्या मातीत एक ओरखडा होता. बोटभर. आधीचाच असेल.

जमिनीलगत कापडाची झालर जिथे उचलली जात होती तिथे वाळूची पोती टाकली. वाऱ्याला खालून शिरू द्यायचं नाही, असं प्लासीद म्हणतो.

१२ नोव्हेंबर

कोरीनचा फोन. आवाज चढलेला.

"आई, बाबा इथे आणि तू तिथे एका तंबूवर पहारा देत बसली आहेस?"

"कोणीतरी बघायला हवं ना."

"मग उतरव ना तो! युक्लिड एका दिवसात उतरवेल. बाबाही तेच म्हणत होते."

"शेडचं छप्पर गळतं."

"आई, युक्लिडने ते छप्पर उन्हाळ्यातच दुरुस्त केलंय. त्यानेच सांगितलं मला."

युक्लिडची दुरुस्ती मला माहीत आहे. गेल्या वर्षी त्याने आमचा नळ दुरुस्त केला, तेव्हापासून तो नळ रात्रंदिवस टपकतो. मी तसं म्हटलं तर कोरीनने फोन ठेवून दिला. लहानपणापासून तापट आहे. तिच्या आत्यावर गेली आहे.

मला इस्पितळाचा वास सहन होत नाही, हे ती विसरते. आईच्या वेळी मी तिथे होते. असो.

१६ नोव्हेंबर

तारीख मिळाली. २६, गुरुवार.

मी २५ला निघेन म्हणून कळवलं. हवा बघून.

१८ नोव्हेंबर

मी विकायला करते त्या लोकरीच्या गालिच्याचं काम पुढे सरकत नाही. एका बाईला नाताळापर्यंत द्यायचा आहे. निळी लोकर जिथे हवी तिथे मी हिरवी ओढून ठेवली आणि वीतभर झाल्यावर लक्षात आलं. उसवलं.

प्लासीदचा फोन आला. हळू बोलत होता, पण स्पष्ट.

"देलीमा, एक ऐकून ठेव. मोठा सुएत आला आणि तंबू धरत नाही असं वाटलं, तर कापड काप."

"काय करू?"

"काप. नुसत्या नळ्यांना वारा काही करत नाही, कापडच त्याचं शीड होतं. आधी समुद्राकडचं तोंड कापायचं. डोंगराकडचं आधी कापलंस तर वारा आत घुसेल आणि बाहेर पडायला वाट नसेल, मग सगळंच वर. आधी बाहेर जायची वाट कर. परत म्हणून दाखव."

"मी नाही कापणार. नवंकोरं कापड आहे."

"म्हणून दाखव."

लहानपणी चर्चमध्ये कॅटेकिझमची पाठ केलेली उत्तरं म्हणायचो, तसं म्हणून दाखवलं. आधी समुद्राकडचं, मग बाकीचं. तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. मग म्हणाला, "बुधवारी वारा असेल तर निघू नकोस. डोंगराखालचा रस्ता वाईट आहे. कळलं?"

घ्या. ऑपरेशन तोंडावर आलं तरी ह्याच्या डोक्यात वारा, रस्ता आणि तंबू. मी कशी आहे, हे एका शब्दाने विचारत नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार

डोंगर आज फार जवळ आला आहे. झाड न्‌ झाड मोजता येईल इतका स्वच्छ. हवा उबदार आहे, नोव्हेंबरात असायला नको इतकी. चर्चबाहेर बायका वर बघून लगेच घरी गेल्या. युक्लिडने आपल्या आईच्या डोंगराकडच्या खिडक्यांवर फळ्या ठोकल्या, मग माझ्याही ठोकल्या. मी झीटामावशीला म्हटलं, दोन दिवस त्याच्याकडे वरच्या गावात जाऊन राहा.

"ह्या घराने माझे सगळे सुएत पाहिलेत," ती म्हणाली. "आता ते मला सोडून एकट्याने बघेल होय?"

"मावशी, तंबू..."

"तुझ्या तंबूला घाबरून मी घर सोडू? उद्या सगळ्या शेटिकँपात बोभाटा होईल, झीटाला प्लास्टिकने पळवलं म्हणून."

घरी जाऊन तिने तीर्थाची बाटली आणली आणि तंबूच्या चारी कोपऱ्यांवर शिंपडलं. पिंपावर जरा जास्तच शिंपडलं.

२३ नोव्हेंबर

रेडिओ म्हणतो उद्या. वाऱ्याच्या वेगाचा कधी नव्हे एवढा आकडा सांगितला. शाळा बंद. कोणीही बाहेर पडू नये.

सगळे पट्टे पुन्हा आवळले. अजून एक खटका, अजून एक. पिंपाभोवती जुनी नांगरसाखळी गुंडाळली, तिच्यावर दगड रचले. कोरीनला फोन केला की परवाचं बघते. ती म्हणाली, "बाबांशी बोलतेस?" तो झोपला असेल, उठवू नकोस, म्हटलं मी. तो झोपला नव्हता, मागे खोकल्याचा आवाज येत होता. पण माझा आवाज कापत होता आणि ऑपरेशनच्या माणसाला तो ऐकवायचा नाही, असं मी ठरवलं.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळपासून. अक्षर वाईट येतंय, टेबल हलतंय.

वीज गेली. आता फोनही.

पिंप हललं. खिडकीतून दिसलं. दगड पडले.

२५ नोव्हेंबर, बुधवार

काल काय झालं ते लिहून ठेवते, नाहीतर लोक आपापल्या परीने सांगतील आणि मलाच खरं वाटायला लागेल.

दुपारी वाऱ्याने तऱ्हा बदलली. तोवर तो सारखा वाहत होता. आता थांबायचा, अगदी शांत व्हायचा आणि मग दरवाजावर कोणी खांदा मारावा तसा यायचा. दर धडकेला समुद्राकडचा तो कोपरा उचलला जायचा आणि पिंप टुणकन उडी मारायचं. सिमेंट भरलेलं पिंप! दोन माणसांना कलतं करता येत नाही ते, आणि पोरं दोरीवरच्या उड्या मारतात तशा उड्या मारत होतं. प्रत्येक उडीला झीटामावशीच्या दिशेने सरकत होतं. एक खुंट उपटून आला, तो पट्ट्याच्या टोकाला हवेत गरागरा फिरत होता.

मी जपमाळ धरून बसले होते, पण प्रार्थना पुढे जाईना. "आमच्या बापा" म्हणायचे आणि पिंपाकडे बघायचे. फोन उचलला, मुका. मी खिडकीतून ओरडले, "मावशी, मागच्या खोलीत जा!" माझं मलाच ऐकू आलं नाही.

कापायचं, हे मला ठाऊक होतं. पण त्या कापडाखाली त्याचा सगळा उन्हाळा होता. जूनपासून तो एकेक फळी वाफेवर वाकवत होता. मधे मधे बादली उलटी टाकून बसायचा, छातीवर हात ठेवून. मी म्हणायचे, उन्हाने होतंय, टोपी घाल. कापड फाटलं की बर्फ थेट त्या लाकडावर. आणि मग मी इथे राखत काय बसले होते? हाच विचार घोळवत मी किती वेळ उभी होते कोण जाणे. तेवढ्यात पिंपाने अशी उडी मारली की ते आडवं झालं आणि तंबूची ती सगळी बाजू पापणीसारखी वर उघडली. आतली होडी दिसली. मागे मावशीची खिडकी.

मी मासे कापायची सुरी घेतली. पोर्चच्या खांबाला दोर बांधला, दुसरं टोक कमरेला. दार उघडल्याबरोबर वाऱ्याने मला पायरीवर बसवलं. उभं राहायची सोय नव्हती. रांगत गेले, एकसष्ट वर्षांची बाई, पोटावर. खडे गारांसारखे तोंडावर येत होते. श्वास घ्यायला तोंड उघडलं की वारा तो आतून ओढून न्यायचा. मी देवाचं नाव घेतलं असं झीटामावशीला सांगितलंय. खरं म्हणजे मी प्लासीदला शिव्या घालत होते. मोठमोठ्याने. लग्नानंतर जेवढ्या गिळल्या तेवढ्या सगळ्या.

डोंगराकडचं तोंड आधी लागलं, घराला तेच जवळ. कापड माझ्यासमोर पोटासारखं आत गेलेलं. सुरी लावली असती तर तिथेच काम उरकलं असतं आणि परत फिरता आलं असतं. हात उचललाही होता. मग ते कॅटेकिझम आठवलं. वाळूच्या पोत्यांना धरत धरत पलीकडच्या टोकाला गेले. तिथे दोर संपला. खांबापासून तेवढाच होता. थोडा वेळ तशीच पडून राहिले. मग कमरेची गाठ सोडली.

समुद्राकडच्या तोंडाला सुरी खुपसली आणि खाली ओढली. आवाज असा झाला की मला वाटलं माझीच पाठ फाटली. आतली कोंडलेली हवा भस्सकन बाहेर आली. मी बाजूचं कापलं, वर हात पोचेल तेवढं कापलं, दुसऱ्या बाजूचं कापलं. पुढचं काम वाऱ्यानेच केलं. डोंगराकडचं तोंड त्यानेच फाडलं आणि कापड कमानींवरून सोलत नेलं, माशाची कातडी एका दमात काढावी तसं. ते पांढरं उडत झीटामावशीच्या छपरावरून समुद्राकडे गेलं. मऊ होतं, रिकामं होतं, कौलालाही धक्का लागला नाही.

कमानी राहिल्या. पिंप आडवं पडलं होतं, पुन्हा हललं नाही. होडी टेकूंवर जशीच्या तशी.

परत घराकडे वाऱ्याच्या तोंडावर जाणं शक्य नव्हतं. मावशीचं दार जवळ होतं. ती टेबलाशी मेणबत्ती लावून एकटीच पत्ते मांडत बसली होती. माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या सुरीकडे बघितलं.

"तू होय? मला वाटलं तंबू आला."

आणि मग मी पाहिलं, मांडलेल्या पत्त्यांत लाल-काळ्याचा काही मेळच नव्हता.

तिने मला काकवी लावलेला पाव दिला. वारा उतरेपर्यंत मी तिथेच बसले. मग ती म्हणाली, "आता काय राखायचं उरलंय तिथे?"

"म्हणजे?"

"म्हणजे जा आता. नवरा तिकडे आहे."

मला तिचा राग आला. मी जाणारच होते. हवा बघून जाणार होते, सगळ्यांना सांगितलंही होतं. आज रस्ता बंद आहे, डोंगराखाली तारा पडल्या आहेत, एक ट्रक आडवा झालाय. फोन अजून नाही. युक्लिड म्हणतो उद्या उजाडताच निघू, तोच नेतो.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

इस्पितळात बसून लिहिते आहे. कोरीन कॉफी आणायला गेली आहे.

पहाटे निघालो.  आमच्या बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा समुद्रातला बांध ओलांडल्यावर पहिल्या पेट्रोल पंपावर फोन मिळाला. नाणी टाकताना माझ्या हातातून दोनदा सांडली, शेवटी युक्लिडनेच नंबर लावला.

इस्पितळातला फोन कोरीनने उचलला. "आई?" म्हणाली आणि तिला रडू फुटलं. मी विचारलं, बाबा? ती म्हणाली, "आत्ताच आत नेलं. आत्ता, आई. पंधरा मिनिटंसुद्धा झाली नाहीत."

मी फोन ठेवला आणि गाडीत येऊन बसले. युक्लिडने विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, चल. नंतर बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "काकू, तुम्ही हातमोजे घाला." माझे तळहात पोत्यांनी आणि दोराने सोलले होते.

कोरीन ओरडेल असं धरून चालले होते. तिने माझे हात उलटे करून पाहिले आणि स्वतःच्या मांडीवर धरून ठेवले.

इथला वास आईच्या वेळचाच आहे.

परवा मी वाऱ्यात पोटावर सरपटत गेले. आज ह्या खुर्चीवरून उठून त्या दाराच्या काचेतून बघायची माझी छाती होत नाही. तंबूच्या बाबतीत निदान काय कापायचं ते माहीत होतं.

अजून बाहेर कोणी आलेलं नाही.

२७ नोव्हेंबर

जिवंत आहे. नळ्याच नळ्या. ओठ फाटलेत. मला ओळखलं की नाही कळलं नाही, पण डोळे उघडून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याच्या डोळ्यातून पाणी आलं. औषधांनी येतं तसं, नर्स म्हणाली.

२९ नोव्हेंबर, रविवार

नळी काढली. पहिला शब्द, घशातून खरवडून: "तंबू?"

"उभा आहे," मी म्हटलं.

हे खोटं नाही. नळ्या उभ्याच आहेत.

३ डिसेंबर

मधे ताप आला होता. दोन दिवस डॉक्टर आमच्याशी बोलताना जमिनीकडे बघायचे. त्याबद्दल लिहवत नाही. आज उतरला. भाताची पेज प्यायला आणि म्हणाला की हे लोक मीठ कुलपात ठेवतात.

९ डिसेंबर

घरी आलो.

वाटेत मी सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं, पण प्रत्येक वळणावर पुढच्या वळणावर सांगू असं झालं. कोरीनने गाडी अंगणात वळवली. समोर बर्फात नुसत्या कमानी, खाऊन ठेवलेल्या हेरिंगच्या काट्यासारख्या, आणि मधे होडी. युक्लिडने तिच्यावर ताडपत्र्या घालून, कोंबडी बांधावी तशी ती आवळून टाकली होती.

प्लासीद बघत राहिला. मी गुडघ्यांकडे बघत बसले.

"उभा आहे म्हणालीस," तो म्हणाला.

"आहे की उभा. कपडे तेवढे गेलेत."

तो हसायला लागला. इस्पितळातून त्याला एक उशी दिली आहे, खोकताना, हसताना छातीशी आवळून धरायची, नाहीतर टाके ओढतात. ती उशी कवटाळून तो हसत होता आणि कळवळत होता. "नको, नको, हसवू नकोस गं," आणि पुन्हा हसत होता. मी इतकी घाबरले की त्याचा खांदा दाबून धरला. कोरीन म्हणाली, "आई, सोड, त्याने काही होत नाही." झीटामावशी दारात उभी राहून ओरडली, "काय झालं? मेला की काय?" मग सगळेच हसलो. मी सगळ्यात शेवटी.

१२ डिसेंबर, शनिवार

कोरीन सकाळी गेली. वारा मुळीच नाही. चिमणीतला धूर सरळ वर जातोय.

प्लासीद खिडकीपाशी खुर्चीत होता. मी गालिचा घेऊन समोर बसले होते. आज निळं निळ्याच जागी पडत होतं. बोलता बोलता तो म्हणाला, "त्या दिवशी आत नेताना त्या नर्सने विचारलं, घाबरला आहात का म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं हो. घरी वारा सुटलाय."

मला अर्थ लागेना. म्हटलं, "वारा तर दोन दिवसांपूर्वीच पडला होता."

"मला काय माहीत पडला ते? रेडिओवर आकडा ऐकला होता मी. मंगळवारपासून फोन लागत नव्हता. कोरीन सगळीकडे लावून थकली. मी तुला कापड कापायला सांगून बसलो होतो. तू जाणार, हे मला ठाऊक होतं. तुला वाटतं तू भित्री आहेस." त्याने उशी छातीशी धरली. "ते तोंडावर मास्क ठेवेपर्यंत मला वाटत होतं, तू त्या तंबूखाली पडली आहेस आणि मला सांगत नाहीयेत."

मी हातातली लोकर खाली ठेवली. ह्या बाजूने मी विचारच केला नव्हता. सगळी भीती माझ्या एकटीच्या वाटणीला आली आहे, असंच धरून चालले होते मी. तिकडे त्या पलंगावर कोणी माझ्यासाठी घाबरून पडलं असेल, हे एकदाही मनात आलं नाही.

  उठले, त्याच्या पायांवरचं घोंगडं नीट केलं आणि खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी आत खोचलं. पायांखालून खोचलं. मग पाठीमागून.

"अगं, मी काही उडून चाललो नाही," तो म्हणाला.

मी ऐकलं, आणि तरी आणखी एकदा खोचलं.